दान, अनुदान आणि पडद्यावरची शाळा

१

सरकारी शाळांत वर्गातले शिकवणे आणि ऑनलाइन शिकवणे यांची सांगड घालावी, हा विचार गेली काही वर्षे शासकीय कागदांतून सातत्याने मांडला जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ऑनलाइन आणि डिजिटल शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्याच्या शीर्षकातच तंत्रज्ञानाच्या समन्यायी वापराची ग्वाही दिली. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या टिपणात अभ्यासक्रमाचा सुमारे ४० टक्के भाग ऑनलाइन शिकवावा असे सुचवले. तेव्हापासून 'संमिश्र अध्यापन' हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणांत रुळला आहे.

या विषयावर आपल्याकडे जी चर्चा झाली ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: पडदा चांगला की वाईट? एका बाजूला पडद्याचे भक्त, दुसऱ्या बाजूला खडू-फळ्याचे भक्त. दोन्ही पक्षांची मुले ज्या शाळांत शिकतात तिथे पडदाही आहे आणि फळाही आहे. त्यामुळे हा वाद त्यांना परवडतो. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजाच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर मात्र पहिला प्रश्न पैशाचा आहे, असे माझे मत आहे. तो पडदा कोणाच्या पैशाने येतो? तो कोणाच्या नावावर नोंदला जातो? तो बंद पडला तर जाब कोणाला विचारायचा?

पैसा दोन वाटांनी येतो. एक अनुदानाची, दुसरी दानाची. शब्द सारखे दिसतात, पण त्यांच्यात हक्क आणि उपकार यांच्याइतके अंतर आहे. अनुदान न मिळाले तर भांडता येते. दान न मिळाले तर हात जोडून परत यावे लागते. शाळेच्या पडद्याचा कारभार अनुदानाच्या वाटेवरून हळूहळू दानाच्या वाटेवर नेला जात आहे, आणि त्याची किंमत गावकुसाबाहेरच्या शाळा मोजत आहेत. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

२

हा प्रश्न आपल्या विचारपरंपरेला नवा नाही. महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता. कष्टकऱ्याच्या घामातून उभा राहिलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्या कष्टकऱ्याच्या मुलाची प्राथमिक शाळा उपाशी राहते, ही त्यांची तक्रार होती. नगरकरांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा जोतीरावांना नगरमधल्या मिस फरार यांच्या शाळा पाहून मिळाली आणि सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही त्याच बाईंचे नाव जोडलेले आहे. त्या शाळा मिशनच्या देणग्यांवर चालत. फुल्यांच्या स्वतःच्या शाळांनाही देणगीदारांचा आधार होता. देणगीचे मोल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही १८८२ साली त्यांनी सरकारापुढे मांडला तो हिशेब हक्काच्या पैशाचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी आकडे मांडले. सरकार दारूवरील कराच्या रूपाने माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते आणि शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते. निदान अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. प्रगतीचा वेग असाच राहिला तर शाळेच्या वयाची सर्व मुले शिक्षणाच्या कक्षेत यायला ४० वर्षे आणि मुली यायला ३०० वर्षे लागतील, हेही त्यांनी सभागृहाला ऐकवले. प्राथमिक शिक्षण ही देवघेवीच्या हिशेबाने चालवण्याची बाब नव्हे, ही त्यांची भूमिका होती.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडचा सत्याग्रह झाला. या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले होते. म्हणजे कागदावर तळे खुलेच होते! तरी पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले आणि परतताना मार खावा लागला. 'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा आशय आपल्या समाजाला तिथे कळला.

आज 'दीक्षा' ॲप सर्वांसाठी विनामूल्य खुले आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत. पुस्तक मुलाला मोफत मिळते, पण त्यावरचा कोड उघडायला लागणारा फोन आणि त्यातला रिचार्ज बापाच्या मजुरीतून येतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी या कोडचा कल्पक उपयोग केला आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. तिने कोड घेतला आणि फोन पालकावर सोडला. फरक इतकाच की महाडला काठ्या घेऊन उभे असलेले लोक दिसत होते. इथे काठी घेऊन कोणीच उभे नाही. रिचार्ज संपलेला आहे, एवढेच. म्हणून हा अन्याय कोणत्याही कलमाखाली नोंदवता येत नाही.

३

आता आजचे हिशेब पाहू. २०१८ पासून शाळांना केंद्राचा पैसा 'समग्र शिक्षा' योजनेतून येतो. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के. या योजनेत संगणक कक्षासाठी शाळेला एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर पाच वर्षे दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहे. स्मार्ट वर्गासाठी एकदाच २ लाख ४० हजार व दरवर्षी ३८ हजार. रकमा वाईट नाहीत. पण हा घटक सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा चौथीला नाही तर पाचवीला संपतात. जिथे आपले मूल पहिले अक्षर गिरवते त्या शाळेपर्यंत ही तरतूद पोहोचूच शकत नाही.

मग त्या शाळेला काय मिळते? संयुक्त शाळा अनुदान. २०२१ पासूनच्या निकषांनुसार पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत असेल तर २५,०००, आणि हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. पटावर पैसा, हे वरवर न्याय्य वाटते. पण विजेचा मीटर पट पाहून भाडे कमी करत नाही. गळके छप्पर वीस मुलांवर कमी आणि दोनशे मुलांवर जास्त गळत नाही. १०,००० रुपये म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. त्यातच खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल. शिवाय त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. आता याच पैशात इंटरनेटही घ्या म्हणावे काय?

याच राज्यात २०२३-२४ पासून 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' ही स्पर्धा सुरू झाली. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपयांचे बक्षीस. बाबासाहेबांच्या रीतीने साधा भागाकार करू. ५१ लाख भागिले १० हजार. एका सुंदर शाळेला एकदा मिळणारे बक्षीस वस्तीवरच्या छोट्या शाळेला अनुदानाच्या रूपाने मिळायला ५१० वर्षे लागतील. १९२७ साली मुलींसाठी ३०० वर्षे निघाली होती.

बक्षीस कोणाला मिळते? ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आणखी एक शब्द आणला: 'दत्तक शाळा'. उद्योगसमूहांनी, संस्थांनी, दानशूर व्यक्तींनी शाळा दत्तक घ्याव्यात. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून या शब्दापाशी थांबतो. दत्तक कोण जाते? ज्याचे आईबाप नाहीत, किंवा ज्याला आईबापांनी सोडून दिले, ते मूल. घटनेने ज्या शाळेचे पालकत्व राज्यावर टाकले ती शाळा दत्तक द्यायला काढणे म्हणजे आपण तिला सोडले, अशी कबुली राज्य आपल्याच तोंडाने देत आहे. आणि दत्तक घेणारा मूल निवडून घेतो. रस्त्यालगतची, रंगवलेली, फोटोत चांगली दिसणारी शाळा उचलली जाईल. डोंगरातली ठाकरवाडी, ओढ्यापलीकडची भीमनगरची शाळा कोण उचलणार?

४

आमच्या जिल्ह्यात हे सगळे एकाच नकाशावर पाहायला मिळते. अहमदनगर, आता अधिकृत नावाने अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथला साधारण पाचांतला एक माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा आहे. उत्तरेला कालव्याचे पाणी, ऊस, साखर कारखाने. सहकारी साखर कारखान्याचा पहिला मोठा प्रयोग याच भागात प्रवरानगरला झाला. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरचा कोरडा मुलूख. पश्चिमेला अकोल्याचा डोंगर, तिथे एका उताराला फोनला रेंज मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि त्याच्या लाटेत शाळा 'डिजिटल' होऊ लागल्या. पैसा मुख्यतः लोकवर्गणीचा. अनेक शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, गावांनी उत्साहाने साथ दिली, हे मी नाकारत नाही. पण लोकवर्गणीतला 'लोक' कोण, हे पाहिले पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या एका गावात गावठाणातल्या शाळेला मोठा पडदा आला. दारात संगमरवरी पाटी लागली, तीवर देणगीदारांची नावे आणि रकमा. खोलीचा पाया खणायला, मुरूम टाकायला दलित वस्तीतली माणसे होती. त्यांच्या श्रमाला पाटीवर जागा मिळाली नाही, कारण पाटी रुपयांची होती. पुढे वस्तीवरच्या शाळेनेही पडद्याची मागणी केली, तेव्हा उत्तर मिळाले की आमच्याकडचा जुना संच देऊ. जुने कपडे, शिळी भाकरी आणि आता जुना संच! ज्या पैशाला जात आहे त्या पैशाने आलेल्या साधनालाही जात चिकटते. ग्रामसभेत त्या संचाविषयी प्रश्न विचारायचा तर आधी देणगीदाराच्या तोंडाकडे पाहावे लागते.

दक्षिणेतल्या तालुक्यांचा आणखी एक प्रश्न ऊसतोडीचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. 'या मुलांना मोबाइलवर शाळा सोबत नेता येईल,' हा युक्तिवाद मी प्रशिक्षणांत आणि चर्चासत्रांत ऐकला आहे. ज्यांनी कोपी पाहिली नाही त्यांनाच तो सुचू शकतो. फडावरच्या कोपीत वीज नसते. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, कारण गाडी भरायला कधी बोलावतील याचा नेम नसतो. आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावंडाला सांभाळत असते. तिला फोन दिला तरी वेळ कोण देणार? अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय योजनेत आहे: मूल गावातच राहते, जेवते, आपल्याच शाळेत जाते. संमिश्र शिक्षणाचा पैसा इथे घाला. वसतिगृहाला टॅब द्या, संध्याकाळी शिकवणारा माणूस द्या. तेव्हा पडदा त्या मुलाच्या खऱ्या उपयोगाला येईल.

५

या शिक्षणाची खरी परीक्षा २०२० ते २०२२ या काळात झाली. एप्रिल २०२० मध्ये राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे ब्रीद घेऊन उपक्रम सुरू झाला. हेतू चांगला होता. पण या वाक्यातला 'पण' फार मोठा आहे. त्या 'पण'च्या अलीकडे कोण राहिले आणि पलीकडे कोण गेले?

ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. लक्षात घ्या, ही पाहणी गरीब वस्त्यांतलीच होती. गरिबीच्या आतही जातीची रेघ इतकी ठळक उमटली. शाळा लवकर उघडाव्यात असे म्हणणारे ग्रामीण दलित-आदिवासी पालक जवळजवळ शंभर टक्के होते.

आपल्या राज्यात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्ग पाहिला तो दुसरीचे अर्धे वर्ष उलटल्यावर. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते त्यांचे महाराष्ट्रातले प्रमाण 'असर'च्या पाहणीत २०१८ मध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक होते. २०२२ मध्ये ते तिसाच्या खाली आले. वर्ग भरू लागल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा वर सरकले. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गाव करोनामुक्त होताच जून २०२१ मध्ये वर्ग भरवायला सुरुवात केली होती. संघटित, साधनसंपन्न, जगभर नावाजलेल्या गावाने संधी मिळताच काय निवडले, हे पुरेसे बोलके आहे.

इथे केरळचे उदाहरण दिले जाते, आणि ते दिलेच पाहिजे. केरळने ४५,००० वर्गखोल्या सरकारी पैशाने तंत्रसज्ज केल्या. तिथे हे काम दानशूरांवर सोडले नव्हते. तरीही १ जून २०२० रोजी दूरचित्रवाणीवर वर्ग सुरू झाले त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या शाळकरी मुलीने आपले आयुष्य संपवले. घरचा टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता. त्यानंतर घाईघाईने टीव्ही पोहोचवण्याची धावपळ झाली. शाळेत ओतलेला पैसा शाळेच्या भिंतीपाशी थांबला आणि शिक्षण भिंतीबाहेर नेले, तर सर्वांत आधी कोणाचा तोल जातो, हे त्या मुलीने दाखवून दिले. जी राज्ये केरळच्या मागे आहेत त्यांनी तर आपल्या निधीचा हिशेब अधिक गंभीरपणे मांडायला हवा.

६

आपल्या चळवळीतही याबाबत दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, पडदा हे भांडवलदारांचे हत्यार, ते नाकारा. मला हा नकार उथळ वाटतो. आपल्या चळवळीने प्रत्येक नवे माध्यम हाती घेतले आहे. जलसा घेतला, ध्वनिमुद्रिका घेतली, कॅसेट घेतली. आज आमच्या वस्तीतली मुले फोनवर बाबासाहेबांची भाषणे ऐकतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. पुण्याला शिकवणी लावण्याची ऐपत नसलेल्या मुलीला चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान गावात ऐकायला मिळते, ही लहान गोष्ट नाही.

शिवाय वर्गखोली तरी कुठे निर्मळ आहे? २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यात खर्ड्याला एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. हा इतिहास ताजा असताना वर्गाचे गोडवे गाणे मला जमणार नाही. पण वर्गात जातिभेद झाला तर तो चारचौघांत होतो, त्याला साक्षीदार असतात, त्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. घरात एकटे बसलेले मूल शिक्षणातून गळते तेव्हा आवाजही होत नाही.

दुसरे टोक भाबड्या श्रद्धेचे: टॅब वाटले की प्रश्न सुटला. ही श्रद्धा अधिक धोक्याची, कारण ती शाळा बंद करणाऱ्यांच्या कामी येते. २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा मोजून त्यांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आला. उद्या कोणी म्हणेल, शिक्षक कशाला, पडदा आहे ना! शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. पडद्याच्या निमित्ताने ते अंतर वाढले, तर सर्वांत आधी मुलगी घरी बसेल.

माझ्या वर्गात आज बसणारी मुले २०२० साली सहावी-सातवीत होती. ती फोन सराईतपणे चालवतात. एक पान सलग लिहायला सांगितले की त्यांचा हात अडतो. घरात शिकलेले आईबाप असलेल्यांनी ती दोन वर्षे कशीबशी भरून काढली. घरातले पहिलेच शिकणारे जे आहेत, त्यांची ती दोन वर्षे कोणीच परत केली नाहीत. मीही घरातला पहिला पदवीधर आहे. घरात विचारायला कोणी नसते तेव्हा शिक्षक समोर असणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

७

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. पहिली गोष्ट, प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेला, पट कितीही असो, वीज, इंटरनेट आणि साधनांच्या देखभालीसाठी किमान अनुदान मिळाले पाहिजे. पटानुसारची रक्कम त्यावर. दुसरी, साधन शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंदलेले असावे, आणि घरी न्यायला द्यायचे ते आधी ज्याच्या घरी काहीच नाही त्याला. तिसरी, पडद्याचा पैसा शिक्षकाच्या पदातून कापलेला नसावा. चौथी, लोकवर्गणी व उद्योगांची देणगी यायची असेल तर ती तालुक्याच्या एकत्रित निधीत यावी आणि वाटप गरजेनुसार व्हावे. दारात पाटी नको.

पैसा नाही, असे सांगितले जाईल. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आमच्या आयाबहिणींना मिळणाऱ्या पैशाला माझा विरोध नाही. पण तो त्यांच्याच मुलांच्या वाट्यातून का काढता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पैसा असतो. तो कोणाच्या ताटातून उचलायचा, एवढेच ठरवले जाते.

हे काम परिसंवादांत होणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावेत असा नियम आहे. आपल्या गावात त्या जागांवर कोण बसले आहे आणि ते १५ टक्के कुठे गेले, हे कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत विचारावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीच्या शाळेची अनुदानाची नोंदवही मागून वाचावी. शिक्षकांनी ती लपवू नये. बाबासाहेब कायदेमंडळात चौदा आण्यांचा हिशेब घेऊन उभे राहिले होते. आपल्याला निदान दहा हजारांचा हिशेब मागता आला पाहिजे.